थुंकीने चिकटलेला इतिहास

"शी!"

लांजेवार डॉक्टरांनी माझ्या तोंडात पाहून उच्चारलेला हा पहिला शब्द. मी त्यांच्या खुर्चीत आडवी झाले होते, दाढ ठणकत होती, डोळ्यांवर दिव्याचा झोत होता, आणि आरशाची काडी हातात धरलेला एक उंच, हडकुळा माणूस माझ्याकडे असा पाहत होता, जसं कोणी तुंबलेल्या मोरीकडे पाहावं. तोंडावर मास्क होता, पण किळस डोळ्यांतून सांडत होती.

"काय खाता हो तुम्ही? अन् खाल्ल्यावर चूळ भरायचा धर्म बुडाला काय तुमच्या घरी?"

तोंडात काडी असल्यामुळे मला काही बोलता येईना. माझ्या वहिनीने मला रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या या दवाखान्याचा पत्ता देताना सांगितलंच होतं, "सुधा, तो माणूस तोंडाचा घाण आहे, पण हाताचा देव आहे. दुर्लक्ष कर अन् दात दाखवून ये." मी दुर्लक्ष करायचा प्रयत्न करत होते. एवढ्यात डॉक्टरांची नजर माझ्या मांडीवरच्या पाकिटावर गेली. दाताचा जुना एक्स-रे ठेवायला मी वडिलांच्या ट्रंकेतून एक जुनं टपालाचं पाकीट काढून आणलं होतं. माझे वडील रेल्वेत होते आणि नागपूरहून आलेली रिकामी पाकिटंसुद्धा फेकत नसत.

डॉक्टरांनी माझ्या गालात कापसाचा बोळा कोंबला, हातमोजे बदलले, चिमट्याने पाकीट उचललं आणि ते थेट खिडकीशी गेले. मी तशीच आ वासून पडले होते. भिंगातून बराच वेळ पाहून ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा साफ बदललेला होता.

"बाई, हे पाहा. मोठं तिकीट आहे टपालखर्चाचं. त्याच्या बाजूचं हे लहान, गुलाबी. आई, बाप अन् लेकरं. कुटुंब नियोजनाचं तिकीट आहे हे. लहान कुटुंब, सुखी कुटुंब. अन् या सुखी कुटुंबाच्या अंगावर काळ्या शाईनं काय छापलं आहे? वाचा."

मी बोबड्या आवाजात वाचलं, "शरणार्थी सहायता."

"बांगलादेशच्या लढाईचं साल. लोंढे येऊन राहिले होते तिकडून. सरकारनं प्रत्येक पत्रावर पाच पैसे जास्तीचे लावले. नवीन तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून हाताशी होतं त्याच्यावरच शिक्का हाणला. घरातली चार माणसं एका रात्रीत शरणार्थी झाली, तिकिटावर अन् तिकडंही. तुमच्या घरी हे पाकीट इतकी वर्षं पडलं होतं. पाहिलं होतं कधी?"

मी मान हलवली. नव्हतं पाहिलं.

"पाहाल कशाले! बरं, उघडा तोंड," ते म्हणाले, आणि आवाजात पुन्हा तीच किळस आली.

दाढ वाचली. त्यानंतर मी त्या घरी जायला लागले ती दातांसाठी नव्हे.

डॉक्टरांना जगाची शिसारी होती, आणि ती लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. दाराच्या कड्या ते कोपराने उघडत. हस्तांदोलन नाहीच, लांबून नमस्कार. बाहेरचं पाणीही पीत नसत. त्यांच्या पत्नी मालतीकाकू हसून सांगत, "लग्नात मले हार घातला ना, तोही रुमालानं धरून." काकू गोल चेहऱ्याच्या, सावकाश बोलणाऱ्या, आणि डॉक्टरांच्या साऱ्या चिडचिडीवर चहाचा कप हाच त्यांचा उपाय. मूलबाळ नव्हतं. खाली दवाखाना, वर घर.

किळस यावी असंच ते काम होतं, हेही खरं. आमच्या रायपुरात गुडाखू नावाची तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट मिळते. लोक ती सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना घासतात आणि त्यालाच दात साफ करणं म्हणतात. डॉक्टर म्हणत, "यांचे दात म्हणजे जळलेली भातुकलीची भांडी." एकदा सदर बाजारातले एक शेठ आले होते. गळ्यात जाड साखळी, गालात गुटखा. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी बेसिनमध्ये पिंक टाकली, तिचे लाल शिंतोडे भिंतीवर उडाले. डॉक्टरांनी एक ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"पोंछिए."

"मैं?"

"रंग तुमचा, भिंत माझी. पोंछिए, मग दात पाहतो."

शेठनी पुसलं. मग डॉक्टरांनी तासभर खपून त्यांचा दात वाचवला, आणि ते गेल्यावर आम्हाला म्हणाले, "गळ्यात सोनं अन् तोंडात मोरी. शी!"

अशा माणसाला टपालाच्या तिकिटांचा नाद असावा, याचं मला आधी हसू आलं. मी एकदा विचारलंच, "डॉक्टर, तिकिटाच्या मागे तर कोणाची तरी थुंकीच असते. ती कशी चालते तुम्हाला?"

ते रागावतील असं वाटलं होतं. पण प्रश्न त्यांना आवडला. "असतेच ना! जिवंत माणसाची थुंकी रोग देते बाई, मेलेल्याची बातमी देते. आपला सारा इतिहास थुंकीनंच चिकटवलेला आहे. इंग्रजांचा राजा असो की आपला पुढारी, लोकांनी मागून चाटूनच लावला."

दवाखान्यामागच्या खोलीत त्यांची पाकिटं होती. नुसती तिकिटं नव्हती, हे महत्त्वाचं. तिकिटं पाण्यात भिजवून, पाकिटावरून सोडवून वह्यांत चिकटवणाऱ्यांचा त्यांना सगळ्यात जास्त तिटकारा होता. "हे लोक म्हणजे दात उपटून त्याची माळ करणारे. दात जबड्यात असला की सांगते, माणूस काय खात होता, कोणत्या बाजूनं चावत होता, कोणता दात दुखत होता. उपटला की निव्वळ हाड. तिकीटही पाकिटावरच बोलते."

ही पाकिटं ते गोल बाजाराच्या मागच्या रद्दीवाल्यांकडून आणत. झुरळं, उंदरांच्या लेंड्या, कुबट वास असल्या ढिगाऱ्यात हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून, "शी, शी" करत ते तासन्‌तास उकिडवे बसत. आत पत्र सापडलं तर ते न वाचता रद्दीवाल्याला परत देत. "पत्र ज्याचं त्याचं. पाकीट साऱ्यांचं."

त्या खोलीत बसून मी आमचं गाव नव्याने पाहिलं. डॉक्टर टेबलावर पाकिटं मांडत आणि भिंग माझ्या हाती देत. ते स्वतः काही सांगत नसत. मला शोधायला लावत. एकदा त्यांनी तीन पाकिटं शेजारी ठेवली. तिन्ही रायपूरची, तिन्हींवर रायपूरचाच गोल शिक्का. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. मग दिसलं. रायपूरच्या नावाखाली एका शिक्क्यात होतं सी.पी., दुसऱ्यात एम.पी., तिसऱ्यात सी.जी.

"मध्य प्रांत, मध्य प्रदेश, छत्तीसगढ!" मी ओरडलेच.

"हव!" डॉक्टर खुर्चीतून उठले. "गाव इथंच आहे. बूढा तालाब इथंच आहे. आपण इथंच आहो. पण नागपूरहून तुमच्या आजोबाले पत्र यायचं ते आधी एकाच प्रांतात, घरच्या घरी यायचं, अन् एक दिवस तेच पत्र परराज्यातून यायला लागलं. आपण कुठं गेलो नाही, तरी परके झालो. पोस्टमननं कोणाले सांगितलं नाही. शिक्क्यानं सांगितलं."

आमच्या घरातली पोरं मराठी समजतात आणि हिंदीत उत्तर देतात. असं का होतं, याचं कारण मी त्या दिवशी एका इंचाच्या शिक्क्यात पाहिलं. अंगावर काटा आला होता, आणि आनंदही झाला होता, लहानपणी लपलेलं कोणी सापडल्यावर होतो तसा. आणखी एक पाकीट होतं त्यांचं. तिकिटावर इंग्रजांच्या राजाचं मुंडकं, आणि त्याच्या गालावरून 'जयहिंद'चा शिक्का. ते दाखवताना डॉक्टर लहान मुलासारखे हसत. त्या खोलीत ते कधी "शी" म्हणत नसत.

त्यांचं सर्वांत लाडकं पाकीट मात्र दिसायला अगदी गचाळ होतं. कलकत्त्याहून कोणी बीणापाणी दासी नावाच्या बाईला पाठवलेलं. पत्ता आमच्या शेजारच्या माना कॅम्पचा, जिथे पूर्व बंगालमधले निर्वासित आणून ठेवले होते. तो पत्ता लाल शाईने खोडून पुढे दूर जंगलातलं परलकोट लिहिलेलं. तेही खोडून तिसराच पत्ता. पुढे-मागे शिक्केच शिक्के. आणि कोपऱ्यात तेच गुलाबी, शरणार्थी सहायतेचं तिकीट.

"समजलं काय?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले होते. "घर सोडून आलेल्या बाईले भावानं पत्र पाठवलं असेल, की नवऱ्यानं, कोण जाणे. त्यालेही निर्वासितांसाठीचे पाच पैसे भरावे लागले. अन् पत्र तिच्यामागं जंगलाजंगलातून फिरून राहिलं."

"मिळालं का तिला?"

"ते अजून शोधून राहिलो. मागचा शेवटचा शिक्का अर्धा पुसला आहे."

मालतीकाकूंना या पाकिटांची काळजी लागून राहिली होती. "आपल्यामागं हे सारं परत रद्दीतच जाईल," त्या म्हणत. "लोकांना दाखवा ना कधी. पोराबाळांना दाखवा." डॉक्टर उडवून लावत. पण वय झालं, आणि एक दिवस ते कबूल झाले. त्यांच्या पेशंटांपैकी एक जण शहराबाहेरच्या एका मोठ्या खाजगी शाळेचे संचालक होते. पांढरा सफारी, दर वाक्यात 'बच्चे'. त्यांना शाळेच्या वार्षिक समारंभात टपाल तिकिटांचं प्रदर्शन करायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना बजावलं की, पाकिटं काचेखाली ठेवायची, हात लावायचा नाही. "बिल्कुल, डॉक्टर साहब," संचालक म्हणाले. पाकिटांची खोकी शाळेत पोचवायला ऑटोतून आम्ही दोघंच गेलो होतो. परत येताना डॉक्टर खूश होते. पोरं काय विचारतील, त्यांना आधी कोणतं पाकीट दाखवायचं, हे त्यांनी मला घर येईपर्यंत सांगितलं.

समारंभाच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा कोट घातला. शाळेच्या दारात संचालक स्वतः उभे होते. "आइए, आइए! बच्चों ने कमाल कर दिया है।"

हॉलमध्ये व्यासपीठाच्या मागे थर्माकोलचा भलामोठा नकाशा उभा होता. छत्तीसगढचा. तो सगळा तिकिटांनी भरलेला होता. जंगलाच्या जागी हिरवी तिकिटं, नद्यांच्या जागी निळी, आणि सीमारेषा लाल-गुलाबी. रंग पाहून लावली होती. राजाची मुंडकी दुर्गच्या बाजूला उलटी चिकटवलेली. फेव्हिकॉलचे पांढरे ओघळ सुकून तिकिटांवरच गोठले होते आणि कडांना चमकी लावली होती.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते नकाशाकडे पाहतच नव्हते.

"लिफाफे कहाँ हैं?" त्यांनी विचारलं.

"लिफाफे?" संचालक हसले. "वो तो पुराने, गंदे थे साहब। भिगोकर टिकट निकाल लिए। पीछे बाल्टियों में पड़े हैं, फिंकवा देंगे।"

मागच्या व्हरांड्यात, हात धुवायच्या नळाशी, प्लास्टिकच्या बादल्या ठेवलेल्या होत्या. पाणी करडं झालं होतं. त्यात कागद फुगून, फुटून त्याचा लगदा झाला होता. जुन्या डिंकाचा आंबूस वास सुटला होता. वर माशा बसल्या होत्या, आणि कोणी तरी एका बादलीत खाल्लेल्या समोशाचा कागदही टाकून दिला होता. असा ओंगळ प्रकार मी जन्मात पाहिला नाही. घाणीची मला तेवढी भीती नाही. पण ही घाण कोणाच्या दुष्टपणाची नव्हती, ती हौसेची होती, टाळ्यांसाठी केलेली, आणि म्हणूनच जास्त किळसवाणी होती.

डॉक्टरांनी कोट काढून माझ्याकडे दिला. बाह्या वर केल्या. दाराच्या कडीला हात न लावणारा तो माणूस खाली बसला आणि त्याने दोन्ही हात, मोज्यांशिवाय, कोपरापर्यंत त्या लगद्यात घातले. तळातून एक एक गोळा काढून ते तळहातावर उलगडायला पाहत. कागद बोटांतून निसटून पडत होता. एका तुकड्यावर शिक्क्याची कमान दिसली. त्यांनी अंगठा फिरवला आणि शाई पुसून गेली.

"डॉक्टर, उठा," मी म्हणाले. "नका ना."

"थांब बाई. पाहू दे मले."

तिकडे हॉलमध्ये त्यांचं नाव पुकारलं गेलं. सत्कार होता. दोन शिक्षक येऊन त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन गेले. हात ठिबकत होते, दंडांना राखाडी चिखल लागलेला होता. संचालकांनी माइकवर त्यांच्या औदार्याविषयी बरंच सांगितलं आणि त्यांच्या खांद्यांवर शाल टाकली. डॉक्टरांनी शाल काढली. बोटं, तळहात, मनगटं, कोपर असं सगळं शांतपणे त्या शालीला पुसलं, तिची नीट घडी केली आणि संचालकांच्या हातात परत दिली. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कोणालाच कळलं नाही. आम्ही निघून आलो.

घरी आल्यावर ते काकूंशीसुद्धा बोलले नाहीत. मागच्या खोलीला कुलूप घातलं. दवाखाना चालू राहिला, पण पेशंटांना "शी" म्हणणं बंद झालं. लोकांना वाटलं, म्हातारपणी डॉक्टर निवळले. मला आणि काकूंना मात्र त्या सभ्य गप्पपणाची धास्ती वाटायची. मी एकदा नवं टपाल म्हणून काहीतरी दाखवायला गेले, एका कुरियरची प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर काळ्या रेघांचा चौकोन. ते म्हणाले, "याच्यावर कोणी थुंकलंही नाही," आणि तोंड फिरवलं.

पुढे काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी काकूंकडे गेलेली असताना खाली बेल वाजली. दारात संचालक. एक गाल सुजून टरबूज झालेला, डोळा अर्धा मिटलेला. शहरातले बाकी दवाखाने रविवारमुळे बंद होते.

काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "नका पाहू त्याचं तोंड. जाऊ द्या."

डॉक्टर वर पाहून म्हणाले, "तोंडानं काय केलं त्याच्या? केलं ते डोक्यानं. डोक्याचा डॉक्टर मी नाही." मग मला म्हणाले, "सुधा, मदतनीस नाही आज. थुंकी ओढायचा पाइप धरशील?"

मी धरला. संचालकांनी तोंड उघडलं आणि पू फुटल्याचा वास माझ्या नाकात गेला. मी मान फिरवली, डॉक्टरांनी नाही. "किळस आली म्हणून हात आखडायचा नसते," ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "किळस येते तिथंच काम असते आपलं." त्यांनी भूल दिली, तोंडात आधाराला रबराची खुंटी बसवली, दात कोरायला घेतला. आणि मग ते बोलायला लागले. हिंदीत बोलत होते. मी मराठीतच सांगते.

"साहेब, नकाशात दुर्गच्या बाजूला एक राजा उलटा लावला आहे तुमच्या पोरांनी. तो पाकिटावर होता तेव्हा त्याच्या गालावर जयहिंद होतं. आता थोडं उघडा. हं. ते पाकीट इथून बिलासपूरला गेलं होतं, एका वकिलाला. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण तिकिटं राजाचीच शिल्लक होती. फेकणार कशी? म्हणून पोस्टानं राजाला ठेवलं आणि त्याच्या तोंडावर आपलं नाव छापलं."

संचालकांच्या घशातून काहीतरी आवाज आला.

"बोलू नका, सुई आत आहे." आणि डॉक्टर पुढच्या पाकिटाकडे वळले. तिथून पुढच्याकडे. सी.पी.चं, एम.पी.चं. लढाईच्या काळातलं, सेन्सॉरने फोडून पट्टीने पुन्हा चिकटवलेलं. पाकिटं नव्हती, पण त्यांना सगळी पाठ होती. कोणत्या कोपऱ्यात डाग, कोणता शिक्का तिरका. सुरुवातीला आवाजात धार होती. हे सारं त्या माणसाला ऐकवायचंच म्हणून ते बोलत होते. पण बोलता बोलता धार गेली. ते सांगण्यातच रमले. हातातला दात कोरत, मध्येच थांबून, भुवया वर करून, "अन् पुढं काय असेल, सांगा बरं?" असं ते उघड्या तोंडाच्या, मुक्या माणसाला विचारत होते. मी कितीतरी दिवसांनी त्यांना असं पाहत होते. शेवटी ते बीणापाणी दासीच्या पाकिटावर आले. माना, मग परलकोट, मग तिसरा पत्ता. ते पत्र त्या बाईमागे कसं फिरत राहिलं, ते सांगता सांगता दात साफ झाला, आत औषध भरून झालं, खुंटी निघाली.

संचालक उठून बसले. अर्धं तोंड बधिर. हनुवटीवरून लाळ गळत होती, त्यांना कळत नव्हतं.

"डॉक्टर साहब," ते जड जिभेने म्हणाले, "फिर... बीणापाणी को चिट्ठी मिली?"

डॉक्टर हातमोजे काढत होते. ते थांबले.

"पता नहीं। आखिरी ठप्पा पीछे की तरफ था, आधा मिटा हुआ। पढ़ना बाकी था।"

संचालकांना बादल्या आठवल्या असाव्यात. डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला, आणि मोज्यांशिवायच्या हाताने त्या माणसाची हनुवटी पुसली. "दोन दिवसांनी या," ते म्हणाले. "दात वाचला आहे."

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर शाळेकडून निरोप आला की, एकदा येऊन जावं. काकूंना घेऊन मी गेले. तो नकाशा आता शाळेच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर लावलेला होता. फेव्हिकॉल पिवळा पडला होता, तिकिटांचे कोपरे वर आले होते, काहींना कसर लागली होती. खाली पितळेची नवीन पट्टी स्क्रूने बसवलेली होती: डॉ. लांजेवार की स्मृति में.

संचालक हात जोडून उभे होते. "माताजी, हमारी तरफ से श्रद्धांजलि है।" ते मनापासून म्हणत होते, हे मला दिसत होतं.

काकूंनी नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांनी कधी कशाला "शी" म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "भैया, पेचकस है क्या?"

शिपायाने स्क्रू-ड्रायव्हर आणला. काकूंनी तो मला दिला. दोन स्क्रू मी काढले. तिसरा गंजला नव्हता तरी निघेना. तेव्हा संचालक पुढे आले, त्यांनी माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि उरलेले स्क्रू स्वतः काढले. पट्टी पुसून काकूंच्या हातात दिली. "नक्शा भी उतरवा दूँ?" त्यांनी विचारलं.

"तुमचा आहे. ठेवा," काकू मराठीतच म्हणाल्या. "त्यावर त्यांचं नाव नको."

परतताना त्यांनी ऑटो गोल बाजारात थांबवला. भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि पट्टी काउंटरवर ठेवली. मोडीत घालायची होती. दुकानदाराने ती उलटसुलट केली, अक्षरांवरून नख फिरवलं.

"माताजी, इस पर तो नाम खुदा है। घर का कोई है क्या?"

"हव," काकू म्हणाल्या. "इसीलिए तो दे रही हूँ।"